उदास मेटल ऐकून मन हलकं का होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली-मिरजेत माझ्या खांद्यावर गिटार आणि अंगात काळा टी-शर्ट दिसला की हे प्रश्न हमखास येतात. विचारणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, त्यांचे आईवडील असतात, आणि मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीत महोत्सवाला वर्षानुवर्षं न चुकता बसणारे जुने कानसेनही असतात. मेटल म्हणजे हेवी मेटल, रॉक संगीतातला इलेक्ट्रिक गिटारचा जड, मोठ्या आवाजाचा प्रकार. विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून उत्तरं सविस्तर लिहिली आहेत.

इतकं काळं, रडवेलं संगीत ऐकून कुणाला बरं कसं वाटेल?

मन जड झालेलं असताना "चल, हस बघू" म्हणणारा माणूस नकोसा होतो आणि शेजारी येऊन गप्प बसणारा हवासा वाटतो. उदास मेटल या दुसऱ्या माणसासारखं आहे. ते तुमच्याकडे काही मागत नाही. आनंदी गाणं त्या घडीला अंगावर येतं, कारण त्याच्याबरोबर तुम्हीही खुलावं अशी त्याची अपेक्षा असते.

एवढ्यावर थांबलो तर हे कुठल्याही दर्दभऱ्या गाण्याबद्दल म्हणता येईल. मेटलचं वेगळेपण त्याच्या वजनात आहे. चाल शोकाची, पण ती पेलणारा आवाज प्रचंड: सैल करून खाली उतरवलेल्या तारांची गिटार, छातीत घुमणारा बेस, सावकाश पडणारा ड्रमचा घाव. एरवी दुःखात माणूस आक्रसतो. आवाज बारीक होतो, चार लोकांत डोळे पुसायचीही चोरी वाटते. या गाण्यांत तेच दुःख पूर्ण आवाजात, ताठ मानेने उभं असतं. ऐकता ऐकता आपल्याला आपल्या दुःखाची लाज वाटेनाशी होते, पाठीचा कणा सरळ होतो. मी ज्या ज्या ऐकणाऱ्यांशी बोललो त्यांच्या 'बरं वाटलं'चा अर्थ बहुतेक वेळा हाच निघाला.

मेटल तर शेकडो प्रकारचं. यातलं उदास नेमकं कुठलं?

मुख्य घराणं डूम मेटलचं, म्हणजे संथ, जड, शोकाच्या मेटलचं. त्याचं मूळ इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात. तिथल्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम फेब्रुवारी 1970 मध्ये आला. त्यांचा गिटारवादक टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा तो नेमका हाच हात. त्याने प्लास्टिक वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या आणि वाजवत राहिला. 1971 च्या तिसऱ्या अल्बममध्ये त्याने गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. सैल तारा दुखऱ्या बोटांना सोप्या पडायच्या आणि आवाजही खोल व्हायचा. आज डूमची ओळख असलेल्या त्या जड आवाजाच्या मुळाशी एका कामगाराची जायबंदी बोटं आहेत. कुपवाड एमआयडीसीत पॉवर प्रेसवर काम केलेल्या कुणालाही ही गोष्ट परकी वाटणार नाही.

पुढे स्वीडनच्या कँडलमासने 1986 मध्ये या शैलीला भव्य, नाट्यपूर्ण रूप दिलं. 1990 च्या आसपास उत्तर इंग्लंडमधून पॅराडाइज लॉस्ट, माय डाइंग ब्राइड आणि अ‍ॅनाथेमा हे तीन बँड आले, तेव्हा उदासी उघडपणे केंद्रस्थानी आली. माय डाइंग ब्राइडने तर त्यात व्हायोलिन आणलं. फिनलंडमध्ये याहूनही संथ असा फ्युनरल डूम जन्मला. स्वीडनचा कॅटाटोनिया आणि फ्रान्सचा अल्सेस्ट यांनी उदासीला वेगळे, हळुवार रंग दिले.

गाणी इतकी संथ आणि लांब कशासाठी?

विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. लय संथ केली की प्रत्येक सुराला वय मिळतं. तो जन्मतो, भरतो, विझतो, आणि पुढचा येईपर्यंत वाट बघावी लागते. त्या वाट बघण्यातच ऐकणाऱ्याचा श्वास हळूहळू गाण्याच्या चालीवर येतो. घाईच्या गाण्यात शोक मावत नाही.

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलचा बेल विच हा दोघांचा बँड घ्या. फक्त बेस गिटार आणि ड्रम. 2016 मध्ये त्यांचा आधीचा ड्रमवादक वारला. 2017 मध्ये त्यांनी 83 मिनिटांचं एकच गाणं असलेला अल्बम काढला आणि त्यात त्या गेलेल्या मित्राचा, आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला आवाज वापरला. गाण्याच्या मध्याच्या सुमारास तो ऐकू येतो. 83 मिनिटं कुणाला जास्त वाटतील, पण जवळच्या माणसाला निरोप द्यायला तेवढा वेळ लागतोच, आणि हे गाणं तो वेळ घेतं. पूर्ण ऐकून उठल्यावर मला दर वेळी भूक लागते, कुणाला तरी फोन करावासा वाटतो. खचल्यासारखं एकदाही वाटलेलं नाही.

तुम्ही तंबोऱ्याशी तुलना करता. मिरजेचा तंबोरा कुठे आणि हा गोंगाट कुठे?

डूमची गिटार मला तंबोऱ्यासारखी घुमते असं मी नेहमी म्हणतो, त्यावर हा प्रश्न रागानेच विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या कानाबद्दल मला आदर आहे, म्हणून जरा तपशिलात जातो.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत एखादा कारागीर जवारी काढत असेल, म्हणजे तंबोऱ्याची घोडी (तारा टेकतात ती पट्टी) घासून तारेचा आवाज उघडत असेल, तर जरूर थांबून बघा. घोडीचा माथा तो कानशीने अगदी हलक्या हाताने घासतो, तार लावतो, छेडतो, पुन्हा घासतो. मग तारेखाली सुती दोरा सरकवतो. दोरा जागेवर नसेल तर तार नुसती टणकन वाजून विझते. केसभर पुढे घेतला की तीच तार उघडते. एका सुराच्या पोटातून वरचे सूर झिरपू लागतात, आणि षड्जाच्या तारांतून कुणी न वाजवलेला गंधार ऐकू येतो. तार घोडीच्या पसरट माथ्याला पुन्हा पुन्हा हलकेच शिवते, त्यातून ही समृद्धी येते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते या हातांच्या कसबाला.

आता डिस्टॉर्शन, म्हणजे मेटलच्या गिटारचा तो खरखरीत, फाटलेला आवाज. गिटारचा सिग्नल अँप्लिफायरमध्ये इतका वाढवतात की लाटेचे माथे कापले जातात. कापलेल्या लाटेत मूळ सुराच्या पटीतले नवे वरचे सूर तयार होतात. शिवाय दोन सूर एकत्र वाजवले तर त्यांच्या फरकाचा तिसराच सूर निघतो. मेटलचा पाया असलेल्या पॉवर कॉर्डमध्ये सा आणि प असे दोनच सूर धरतात. त्यांच्या कंपनसंख्यांचं प्रमाण 2 ला 3. फरक निघतो 1, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला सा. वाजवणाऱ्याने तो छेडलेला नसतो, तरी जमिनीतून आल्यासारखा ऐकू येतो. तंबोरा सहसा प-सा-सा-सा असाच लावतात, हे मिरजेत कुणाला सांगायला नको.

दोन्हींची बरोबरी मी करत नाही. तंबोरा गाणाऱ्याला आधार देतो. रागाचा विस्तार, तानांचा अभ्यास, घराण्यांची शिस्त यांतलं काही डूममध्ये नाही. माझं म्हणणं एवढंच की सा-पच्या अखंड घुमण्यात मन ठाव घेतं हा अनुभव दोन्हीकडे आहे, आणि तो कशातून येतो हे कानाने तपासता येतं. मिरजेत तंबोऱ्याच्या सहवासात मोठ्या झालेल्या एका काकांना मी डूमची एकच कॉर्ड लांबवून ऐकवली. डोळे मिटून ते म्हणाले, "खर्ज चांगला आहे, पण जवारी जरा जास्त उघडी आहे." याहून नेमकी समीक्षा मी अजून ऐकलेली नाही.

मग ही गाणी उदास वाटतात ती कुठल्या सुरांमुळे?

बरीचशी गाणी आपल्या आसावरी थाटाच्या सुरांवर उभी असतात: कोमल गंधार, कोमल धैवत, कोमल निषाद. जास्त काळोखी हवी तेव्हा कोमल रिषभही येतो आणि भैरवी थाट तयार होतो. भीती किंवा अस्वस्थता हवी तिथे षड्जावरून थेट तीव्र मध्यमावर उडी मारतात. ब्लॅक सॅबथच्या पहिल्याच गाण्यात ती आहे.

आपल्याकडे मैफल भैरवीने संपते. सगळे सूर कोमल, शब्द बहुधा विरहाचे, आणि तरी लोक भरल्या मनाने, समाधानाने घरी जातात.

शब्द तर कळतच नाहीत. नुसत्या गुरगुरण्यातून काय भिडतं?

सगळ्या बँडमध्ये गुरगुरणं नसतं. कँडलमास किंवा हल्लीचा कॅटाटोनिया स्वच्छ गळ्याने गातात. जिथे असतं तिथे तो आवाज प्रामुख्याने स्वरतंतूंच्या वर असलेल्या पडद्यांच्या कंपनातून काढतात आणि त्याचा रियाज असतो. दुःख फार वाढलं की माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाहीत, नुसता आवाज निघतो. माझ्या कानाला ग्रोल, म्हणजे हे गुरगुरणं, म्हणजे तो आवाज वाटतो.

दुःखातून आनंद ही पाश्चात्त्यांची विकृती नाही का?

अजिबात नाही. हा प्रश्न आपल्याकडच्या काव्यशास्त्रात शतकानुशतकं चघळला गेलाय. करुणरसाने प्रेक्षक रडतो, मग त्याला रस का म्हणायचं? चौदाव्या शतकात विश्वनाथाने साहित्यदर्पणात उत्तर दिलं की करुणादी रसांतही परमसुखच मिळतं, आणि याला पुरावा म्हणजे सहृदयांचा अनुभव. तो पुढे असंही म्हणतो की त्यात नुसतं दुःख असतं तर तिकडे कुणी फिरकलंच नसतं. त्याच्या आधी भट्टनायकाने साधारणीकरणाचा विचार मांडला होता आणि अभिनवगुप्ताने तो पुढे नेला होता: रंगमंचावरचं दुःख त्या एका पात्राचं राहत नाही, तुमच्या एकट्याचंही राहत नाही. ते सगळ्यांचं होतं, म्हणून आस्वाद घेण्याजोगं होतं.

सांगलीकरांनी तर हे विसरूच नये. याच गावात 5 नोव्हेंबर 1843 रोजी विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' रंगमंचावर आणलं आणि मराठी रंगभूमी सुरू झाली. पुढे गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'त बालगंधर्वांची सिंधू बघून प्रेक्षक ढसाढसा रडायचे आणि पुन्हा तिकीट काढून यायचे. रंगभूमी राहू द्या, जात्यावरच्या ओव्या आठवा. सासरचा जाच, माहेरची आठवण, गेलेलं लेकरू, सगळं पहाटेच्या अंधारात दगडाच्या घरघरीवर गायलं जायचं. बायका ते रडत बसण्यासाठी गात नव्हत्या. दळण संपेपर्यंत मन मोकळं व्हायचं आणि पीठही पडायचं. जड दगडाचा एकसुरी खर्ज, त्यावर दुःखाची ओवी. डूमची बांधणी मला यापासून फार लांबची वाटत नाही.

यावर काही शास्त्रीय अभ्यास झालेत का?

झालेत. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात लिआ शर्मन आणि जेनेव्हिव्ह डिंगल यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उग्र संगीत नेहमी ऐकणारी 39 माणसं होती, वय 18 ते 34. आधी त्यांना राग येईल अशा आठवणी काढायला लावल्या. मग काहींना दहा मिनिटं स्वतःच्या आवडीचं संगीत, बाकीच्यांना शांतता. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. त्यांच्या हृदयाचे ठोके वरच राहिले, पण वैरभाव, चिडचिड आणि ताण कमी झाला, आणि अंगात हुरूप आल्याचं त्यांनी नोंदवलं. म्हणजे शरीर जागं राहून मन निवळलं. मेटल ऐकणाऱ्याला हे नेमकं ओळखीचं आहे. मात्र प्रयोग लहान होता आणि ऐकणारे आधीपासूनचे चाहते होते, हे ध्यानात ठेवावं.

उदास संगीताबद्दल सर्वसाधारणपणे लिला तारुफी आणि श्टेफान कोएल्श यांनी 2014 मध्ये 772 जणांची ऑनलाइन पाहणी प्रसिद्ध केली. उदास संगीत ऐकताना सगळ्यात जास्त वेळा जाणवणारी भावना दुःखाची नव्हती, गतकाळच्या हुरहुरीची होती. सिडनीच्या मॅक्वायरी विद्यापीठात विल्यम थॉम्पसन आणि सहकाऱ्यांनी हिंसक शब्दांच्या डेथ मेटलचा अभ्यास केला. चाहत्यांनी त्यातून ताकद आणि आनंद मिळत असल्याचं सांगितलं. चाहते नसलेल्यांना त्याच गाण्यांनी ताण आणि भीती वाटली. तेव्हा 'मेटल सगळ्यांना उभारी देतं' असं मी कधीच म्हणणार नाही. ज्याला ते लागू पडतं त्याला देतं.

माझा मुलगा खोलीचं दार लावून दिवसभर हेच ऐकतो. काळजी करू का?

गाण्यावरून काळजी करू नका. मुलाकडे बघा. वेळेवर जेवतो का, झोपतो का, मित्र येतात-जातात का, ज्यात रस होता त्यात अजून आहे का? हे सगळं ठीक असेल तर त्याला मनातलं ठेवायला एक जागा सापडली आहे असं समजा. यातलं काही आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल तर डॉक्टरांकडे न्या, मग तो मेटल ऐकत असो की भावगीतं.

गाणी बंद करायला लावणं हा सगळ्यात वाईट उपाय. विश्रामबागच्या एका काकूंनी केलं ते मला फार आवडलं. त्या मुलाच्या खोलीत जाऊन बसल्या, एक गाणं पूर्ण ऐकलं आणि एवढंच विचारलं, "हे कशाबद्दल आहे रे?" मुलगा आधी गडबडला, मग गाण्याबद्दल बोलू लागला. बोलता बोलता आजोबांच्या शेवटच्या आजारपणाचा विषय निघाला, जो त्या घरात तोवर कुणी काढला नव्हता. काकूंना गाणं आवडलं नाही. तसं त्यांनी त्याला सांगितलंही, आणि त्यालाही त्याचं काही वाटलं नाही.

आणि ऐकून मन आणखीच खचलं तर?

असं होऊ शकतं. सँड्रा गॅरिडो या संशोधिकेच्या कामातून दिसतं की एकच दुःखाची गोष्ट मनात सतत घोळवत राहण्याची सवय असलेली माणसं उदास संगीताकडे ओढली जातात, पण त्यांना त्याचा फायदा होतोच असं नाही. स्वतःला तपासायची सोपी खूण सांगतो. गाणं संपल्यावर तुम्ही जागेवरून उठता का? पाणी प्यायला, गॅलरीत, कुणाशी बोलायला? की तेच गाणं पुन्हा लावून रात्रीचे दोन वाजवता? दुसरं रोज घडत असेल तर काही दिवस ते गाणं बाजूला ठेवा. जगणं नकोसं वाटण्यापर्यंत गेलं असेल तर संगीतावर विसंबू नका. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. लगेच फोन करा, आणि घरातल्या एका तरी माणसाला सांगा.

घरात सुतक असताना हे ऐकलं तर चालतं का?

मोठ्याने लावू नये. घरात आई असते, आत्या आलेली असते, दुःख सगळ्यांचं असतं आणि प्रत्येकाची रीत वेगळी. गावाकडे भजनी मंडळ येतं, टाळ-मृदंग वाजतात, ती सगळ्यांची सोबत असते. तिच्यावर आपलं काही लादायचं नाही.

पण मंडळी पांगल्यावरची रात्र एकट्याची असते. माझ्या एका मित्राच्या वडिलांचं रक्षाविसर्जन हरिपूरच्या संगमावर झालं. दिवसभर तो पाहुण्यांची व्यवस्था बघत होता, कुणाला चहा, कुणाला एसटीची वेळ. थोरला मुलगा म्हणून रडायला त्याला सवडच मिळाली नाही. रात्री माडीवर हेडफोन लावून त्याने एक जुना डूम अल्बम ऐकला आणि तिसऱ्या गाण्याला त्याला रडू फुटलं. "पहिल्यांदा झोप लागली," एवढंच तो मला म्हणाला. यात वडिलांचा अनादर झाला असं कुणी म्हणत असेल तर मला ते मुळीच पटणार नाही.

यात सैतानाची पूजा असते ना?

डूममध्ये क्वचित. ब्लॅक सॅबथची बहुतेक गाणी लिहिणारा गीझर बटलर कॅथलिक घरात वाढलेला होता. त्याचे विषय युद्ध, व्यसन, मृत्यूचं भय. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत ब्लॅक मेटल या मेटलच्या वेगळ्या शाखेतल्या काहींनी चर्च जाळली, खूनही झाले. ते गुन्हे होते आणि त्यांची भलामण होऊ शकत नाही.

सुरुवात कुठून करू?

स्वच्छ गळ्याने गाणाऱ्यांपासून. आधी ब्लॅक सॅबथचे पहिले तीन-चार अल्बम, मग कँडलमास, मग कॅटाटोनियाची 2000 नंतरची गाणी. शास्त्रीय संगीताचा कान असेल तर थेट फ्युनरल डूमकडे गेलात तरी चालेल. फिनलंडच्या स्केप्टिसिझमचा ऑर्गन तुम्हाला धरून ठेवेल. अल्सेस्ट संध्याकाळी ऐका. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना नको. एक गाणं, पूर्ण, दुसरं काहीही न करता.

आवाज किती ठेवायचा?

जड आवाज अंगावर घ्यायचा मोह होतो, पण कान परत मिळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलला आठवड्याला 40 तास चालतात, 90 डेसिबलला फक्त 4. शक्य असेल तर हेडफोनपेक्षा चांगल्या स्पीकरवर ऐका. बेस कानापेक्षा छातीला कळला पाहिजे.

आम्हा तिघांना सांगलीत डूम बँड काढायचाय. काय लागेल?

संयम आणि सहनशील शेजारी. सरावाला गावाबाहेरचं गोडाऊन मिळालं तर उत्तम, पण पावसाळ्यात कृष्णेचं पाणी चढतं तिथे सामान ठेवू नका. 2019 च्या महापुरात अनेकांची वाद्यं गेली. ड्रमवाल्याला संथ लय मेट्रोनोमवर (टिकटिक करून लय दाखवणाऱ्या यंत्रावर) घोटायला लावा, कारण मिनिटाला 50 ठोक्यांच्या लयीत दोन ठोक्यांमधली जागा सांभाळणं 200 च्या लयीत वाजवण्याइतकंच कठीण असतं. गिटारची जाड तार 'सी' या स्वरापर्यंत उतरवणार असाल तर 9 किंवा 10 च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागांत) तारा लोळतात आणि बेसूर होतात. 12 किंवा 13 पासून सुरू होणारा संच घ्या आणि जाड तारांसाठी नटच्या (गिटारच्या मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा जाणत्या माणसाकडून मोठ्या करून घ्या. स्वतः कानस चालवू नका.